कुलूप नसलेली वही

घरातले कोणी एकाएकी गेले, की येणारा-जाणारा विचारतो, "शेवटी काही बोलले का?" संगणक एकाएकी बंद पडला की त्याचा जाणकारही हेच विचारतो. ते शेवटचे शब्द एका वहीत असतात. तिची हकीगत आज आपल्याला सांगायची आहे.

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, नोंदी करण्याचे काम 'प्रिंट-के' या फंक्शनकडे असते. नोंदींची सरमिसळ होऊ नये म्हणून या वहीला पूर्वी कुलूप असे.

आता कल्पना करा. कारकून किल्ली मुठीत धरून वहीत लिहितो आहे. इतक्यात शिपाई निरोप घेऊन येतो. नियम असा, की शिपायाचे काम आटोपेपर्यंत कारकुनाने हात हलवायचा नाही. कारण दोघांना मिळून प्रोसेसर एकच. हा शिपाई म्हणजे इंटरप्ट. त्यालाही नोंद करायची असते, म्हणून तो किल्लीची वाट पाहतो. आणि किल्लीवाला तर थिजलेला! झाले, कचेरी कायमची ठप्प.

साध्या शिपायाला लिहिणे होईतो दाराबाहेर थांबवता येते, आणि कर्नेल तसे करीत असे. पण एका जासुदाला कोणतेच दार बंद नाही. तो म्हणजे नॉन-मास्केबल इंटरप्ट. तो पुष्कळदा वाईटच बातमी आणतो: यंत्रात बिघाड आहे, प्रोसेसर अडकला आहे. म्हणजे पाहा, नोंद सर्वांत मोलाची असते, नेमकी तेव्हाच ती करणे धोक्याचे!

२०१६ सालच्या ४.७ आवृत्तीत तोड निघाली. जासुदाने त्या त्या प्रोसेसरच्या पाटीवर लिहावे, मग सवडीने ते वहीत उतरावे. पण सवडीआधीच यंत्राने मान टाकली तर? डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत जॉन ओग्नेस यांनी तयार केलेली नवी वही आली. तिला कुलूपच नाही. ज्याने त्याने आपल्यापुरत्या ओळी राखून घ्यायच्या आणि तेवढ्यातच लिहायचे. दुसऱ्याच्या किल्लीसाठी खोळंबायचे नाही.

वहीतला मजकूर बाहेर दाखवणारे कन्सोल मात्र संथच राहिले. वेळेला काटेकोर असे 'रिअल-टाइम' लिनक्स मूळ कर्नेलमध्ये यायला सुमारे २० वर्षे लागली, आणि शेवटची मोठी अडचण प्रिंट-केचीच होती. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत ते एकदाचे आले.

आम्ही इतिहास शिकवणारे जुनी दप्तरे चाळतो, तेव्हा धामधुमीच्या दिवसांतलेच कागद नेमके हरवलेले आढळतात. संकटातही लिहिता येईल अशी वही आधीच करून ठेवावी लागते, एवढेच यातून घ्यायचे.