मोहरीचं बी, कोबीचं बी

आज इतिहास सांगायचा आहे, पण सुरुवात आमच्या गटाच्या एका चुकीपासून करतो.

तीन वर्षांआधी आमच्यातल्या चौघींनी गटातून कर्ज काढून दहा-दहा गुंठे पत्ताकोबी लावली. माल बरा निघाला. बियाण्याच्या पुडीचा खर्च मात्र डोळ्यात आला. आम्ही ठरवलं, पुढच्या वर्षी पुडी आणायचीच नाही. चांगले बारा गड्डे न कापता वावरातच ठेवले, त्यांना फूल येईल आणि बी धरू म्हणून. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. शेजारच्या दोन गटांना रोपं देतो असं सांगून आम्ही त्यांच्याकडून पैसेही घेतले. होळी आली, ऊन तापलं. काही गड्डे फुटले, काही सडले. फूल एकालाही आलं नाही. पैसे परत करावे लागले आणि ऐकूनही घ्यावं लागलं.

मोहरीचं बी आपण धरतो, मुळ्याचं धरतो, मग पत्ताकोबीचं का नाही? हे शोधता शोधता हा सगळा इतिहास आमच्या हाती लागला.

मोहरी, पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा आणि बाळंतिणीच्या लाडवातला आळीव ही सगळी एकाच कुळातली. यांचं फूल पाहा, चार पाकळ्या समोरासमोर असतात. दुसरी खूण आपल्या स्वयंपाकघरात आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसली की नाकात झणका जातो, डोळ्यांत पाणी येतं. तीच मोहरी फोडणीत तडतडली तर तसा झणका येत नाही. याचं कारण असं, की मोहरीच्या दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. दाणा वाटला, पाणी लागलं, की दोघं भेटतात आणि तिखट तेल तयार होतं. गरम तेलात त्यातला एक पदार्थ आधीच निकामी होतो. हा तिखटपणा झाडाने किडीपासून बचावासाठी ठेवलेला आहे. तो कमी-जास्त प्रमाणात साऱ्या कुळात सापडतो.

आता पत्ताकोबीकडे येऊ. ती मूळची युरोपातल्या समुद्रकाठची. तिचा जन्म दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी पानं आणि गड्डा, मग कडक थंडी, आणि थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी फूल. कित्येक आठवडे सलग गारवा मिळाल्याशिवाय तिला फुलायची वेळ झाली हे कळतच नाही. आपल्याकडे रात्री थंडी वाजते, पण दुपारी ऊन चटकतं. म्हणून हिचं बी हिमाचल प्रदेशात, कुलूच्या खोऱ्यासारख्या थंड जागी तयार होतं. तिथे कटराईन गावी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. आमचे बारा गड्डे वाशिमच्या उन्हात कुलूची थंडी शोधत बसले होते.

फुलकोबीची गोष्ट वेगळी आहे. तीही थंड मुलखातली. १८२२ च्या सुमारास इंग्लंडहून तिचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं. उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी ते लावलं. बरीच झाडं उष्णतेत टिकली नसतील. पण ज्या झाडांनी उन्हातही गड्डा धरला, फूल दिलं, त्यांचंच बी शेतकरी राखत गेले. शंभर वर्षं हे असं चाललं. त्यातून पावसाळा संपता संपता तयार होणारी आणि मैदानातच बी देणारी भारतीय फुलकोबी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी 'पुसा' नावाचे लवकर येणारे वाण काढले, ते याच देशी फुलकोबीच्या आधारावर. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी शंभर वर्षं संशोधन वावरात सुरू होतं. निवडून बी राखणं हेही संशोधनच.

आता एका माणसाची गोष्ट. त्यांचं नाव वू जांग-चुन. १८९८ मध्ये जपानात जन्म. वडील कोरियातून परागंदा होऊन आलेले, आई जपानी. मुलगा पाच वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला. आईने गरिबीत दिवस काढले. काही काळ मुलाला अनाथाश्रमात ठेवावं लागलं, पण पुढे तिने त्याला शिकवलं.

या वू यांनी १९३५ मध्ये मोहरी-कोबीच्या कुळाचं नातं उलगडून दाखवलं. त्यांच्याआधी मोरिनागा या जपानी शास्त्रज्ञाने पाया घातला होता. प्रत्येक जीवाच्या पेशीत वारसा पुढे नेणारे धागे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. सरसूच्या पेशीत २०, काळ्या मोहरीत १६ आणि कोबीत १८. आपल्या नेहमीच्या मोहरीत किती? ३६. म्हणजे २० अधिक १६. फार जुन्या काळी सरसूच्या जातीचं आणि काळ्या मोहरीचं निसर्गातच लग्न लागलं, आणि त्यांची लेक म्हणजे आपली राई. वू यांनी असे तीन संबंध मांडले. शास्त्रज्ञ आजही त्या आकृतीला वूचा त्रिकोण म्हणतात.

पण आम्हाला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. कोरियात रोजच्या जेवणात कोबी आणि मुळ्याचं आंबवलेलं लोणचं असतं. बियाणं मात्र जपानहून यायचं. जपानची सत्ता गेली आणि बियाण्याची पंचाईत झाली. १९५० मध्ये वू बायको-मुलांना जपानात ठेवून कोरियाला गेले. थोड्याच महिन्यांत तिथे युद्ध पेटलं. तशातही त्यांनी कोबी-मुळ्याचे चांगले वाण तयार केले आणि देशातच बी निघू लागलं. १९५३ मध्ये आई वारली. तिच्या अंत्यविधीला जायला सरकारने परवानगी दिली नाही. सांत्वनासाठी लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी संस्थेच्या आवारात विहीर खोदून घेतली. तिच्या नावाचा अर्थ आईच्या दुधाचा झरा असा होतो. १९५९ मध्ये ते गेले. बियाणं परक्या हाती असलं की रोजचं जेवणही परक्या हाती जातं, हे त्या देशाने सोसून शिकलं.

आपल्या विदर्भातही मोहरीवर काम झालं आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात मोहरी आणि जवसावर संशोधन चालतं. तिथून 'शताब्दी' हा वाण आला. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून 'टीएएम १०८-१' हा वाण विदर्भासाठी दिला. तुर्भ्याच्या या केंद्राची पद्धत अशी, की बियांवर किरण सोडून त्यांच्यात बदल घडवायचे आणि कित्येक पिढ्या चांगली झाडं निवडत जायचं. एका बैठकीत एका काकूंनी विचारलं, किरणांचं बी खाल्लं तर काही होईल का? नाही, काकू. किरण मूळच्या बियांवर एकदाच सोडलेले असतात, ते पिकात उरत नाहीत. आणि हे सरळ वाण आहेत, यांचं बी घरी धरता येतं.

संकरित वाणाचं तसं नाही. त्याचं बी पुन्हा पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी नवी पुडी लागते. मोहरीच्या इवल्याशा फुलात नर-मादी एकत्र असतात, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर संकर करणं अवघड. यासाठी दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने जमिनीतल्या जिवाणूंची जनुकं घालून 'डीएमएच-११' ही मोहरी तयार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या समितीने तिची शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निकाल दिले. तेल जास्त निघेल असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, माती, मधमाशी आणि शेतकऱ्याच्या बियाण्याचं काय? या वादात आपलंही मत असलं पाहिजे. कपाशीचं बी दरवर्षी विकत आणणाऱ्या वाशिमच्या बाईला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आता आमच्या गटाने काय ठरवलं ते सांगतो. सरळ वाणाची मोहरी आणि मुळा यांचं बी घरीच धरायचं. वावराच्या मधली निरोगी झाडं आधीच चिंधी बांधून राखायची. मुळ्याचे दोन वाण जवळजवळ लावायचे नाहीत, मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. पत्ताकोबीचं बी विकतच आणायचं, पण पाच जणींनी मिळून, पावती घेऊन, आणि पुडीवर संकरित लिहिलं आहे की सरळ हे वाचून.

आणि एक. पत्ताकोबीची पानं चाळणी करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीच्या कुळाच्या वासावरच येतो. म्हणून पत्ताकोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायची शिफारस आहे. पहिली ओळ पत्ताकोबीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो आणि फवारणी मुख्यतः तेवढ्या ओळींवर करून भागतं. यंदा आमच्या घरच्या मोहरीने विकतच्या पत्ताकोबीची अशी राखण केली.

ज्या दोन गटांचे पैसे आम्ही परत केले होते, त्यांना यावर्षी मोहरीचं बी दिलं. एक-एक वाटी, फुकट. अट एकच ठेवली, पुढच्या हंगामात आणखी कुणाला तरी दोन वाट्या द्यायच्या.