पायी वारी: झोळीत काय घ्यावे, काय नको?

कळमनुरीहून पंढरपूर तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. रोज 20 किलोमीटर चालले, तरी पंधरा दिवसांहून जास्त लागतात. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच हिंगोली जिल्ह्यातले. आषाढी वारीत अनेकांना अंतरापेक्षा खांद्यावरचे ओझे आणि पायाचे फोड जास्त थकवतात.

सामानाचे दोन भाग
दिंडीसोबत बहुधा ट्रक किंवा टेम्पो असतो. अंथरूण, जादा कपडे, ताट-तांब्या त्यात टाकावे. पिशवीवर नाव, गाव आणि दिंडीचे नाव लिहावे.

खांद्यावर काय?
1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो वजन. म्हणून बाकीचे मोजकेच: ओआरएसची पाकिटे, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, पंचा, मोबाइल, आधार कार्ड. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ट्रकमध्ये ठेवू नयेत. ट्रक पुढच्या मुक्कामी निघून गेलेला असतो.

कपडे आणि वहाणा
लवकर वाळणारे दोन-तीन जोड पुरतात. जीन्स नको, भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. वहाणा नव्या नकोत, महिनाभर वापरलेल्या असाव्यात.

सराव
महिनाभर आधीपासून 5, मग 10 किलोमीटर चालावे. निघण्यापूर्वी एकदा भरलेली झोळी घेऊन सलग दोन दिवस 15 किलोमीटर चालून पाहावे. औषधे आणि पावसाचा कागद सोडून जे लागले नाही, ते घरीच ठेवावे.