साय

लॉकडाऊनमध्ये मी घरी कोंबुचा करायला घेतला होता. दहा-बारा दिवसांनी बरणीत वर जाड, पांढुरका थर धरला. आई म्हणाली, "बुरशी आलीये, फेकून दे." मी फेकला. नंतर वाचताना कळलं, ती बुरशी नव्हतीच. तो थर सेल्युलोजचा होता. कापूस ज्याचा बनलेला असतो आणि कागदासाठी ज्याच्यापायी झाडं तोडली जातात, तेच सेल्युलोज.

हे पहिल्यांदा दाखवून दिलं एड्रियन जॉन ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, १८८६ मध्ये. ब्राऊन बर्टन-ऑन-ट्रेंट या बिअरसाठी प्रसिद्ध गावातल्या ब्रुअरीत काम करत. व्हिनेगरवर साय धरते, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. ब्राऊन यांनी ती धरणारा जीवाणू वेगळा वाढवला, साय तपासली आणि ती सेल्युलोजची असल्याचं सिद्ध केलं.

लाकडात सेल्युलोजला लिग्निन चिकटलेलं असतं. ते सोडवायला उष्णता आणि रसायनं लागतात. जीवाणूच्या सायीत लिग्निन नसतंच. मग इतक्या वर्षांत झाडं का वाचली नाहीत?

कारण या जीवाणूला हवा लागते, म्हणून स्थिर भांड्यात साय फक्त वरच्या बाजूला धरते, तीही सावकाश. शिवाय त्याला साखर लागते. साखर उसातून काढायची म्हटली, तर ऊस किती पाणी पितो हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. झाड वाचवून विहीर आटवण्यात काय हशील?

याचं एक उत्तर एका खाद्यपदार्थातून सापडलं. फिलिपिन्समध्ये अननसाच्या रसावर अशी साय धरून तिचा गोड पदार्थ करत. १९४९ मध्ये तेओदुला कलाव आफ्रिका यांनी अननसाऐवजी नारळाचं पाणी वापरलं. तिथे खोबरं वाळवण्याच्या धंद्यात हे पाणी एरवी वाया जायचं. पदार्थाचं नाव पडलं 'नाता दे कोको'. स्पॅनिशमध्ये 'नाता' म्हणजे सायच! १९९० च्या दशकात जपानमध्ये त्याची लाट आली. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, सोनीने एका महागड्या हेडफोनचा पडदाही जीवाणूंच्या सेल्युलोजपासून बनवला.

आज या सेल्युलोजपासून चामड्याला पर्याय, जखमेवरच्या पट्ट्या असं बरंच काही बनतं. 'शाश्वत' असा शिक्का वाचला की मी आता एकच प्रश्न विचारतो: जीवाणूला खायला काय घातलं? साखर घातली, की कुणीतरी ओतून देणार होतं ते पाणी?