झाडाखालचं कीर्तन



बैठक कुठे घ्यायची, हा प्रश्न आपल्या गटांना नेहमीच पडतो. एका आळीतल्या ओट्यावर घेतली की दुसऱ्या आळीतल्या बाया येत नाहीत. समाजमंदिरात घेतली तरी कोण कुठे बसणार ते आधीच ठरलेलं असतं. आज आम्ही ज्यांची हकिकत सांगणार आहोत, त्यांनाही हीच अडचण आली होती.

अमेरिकेतले मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ठाणं केलं. थंडीच्या दिवसांत ते गावोगाव फिरायचे. गावाबाहेर एखाद्या झाडाखाली तंबू ठोकायचा आणि बाजारात उभं राहून आपल्या धर्माचं सांगायचं. लोक ऐकायचे, वाद घालायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. बाया तर त्या गर्दीत थांबायच्याच नाहीत. परका पुरुष, परकं बोलणं, आणि डोक्यावर पाटी. कोण थांबेल?

बायांपर्यंत पोचायचं तर बाईच हवी. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका 1827 साली मुंबईत उतरली आणि 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. जोतीराव फुल्यांनी नगरची मुलींची शाळा पाहिली आणि नंतर 1848 साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. फरारबाई आल्या होत्या धर्म सांगायला, पण त्यांच्या शाळेतून निघालेली वाट त्यांच्या धर्माच्या पलीकडे गेली. आम्हांला या इतिहासातला हा भाग सगळ्यात आवडतो.

पुरुषांनाही बाजारातलं भाषण फार रुचत नव्हतं. मग 1860 च्या सुमारास नगरकडच्या मराठी ख्रिस्ती माणसांनी कीर्तन हाती घेतलं. कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात पहिलं घेतात. टाळ आणि मृदंग आपलेच, चाली आपल्याच, आणि आख्यान येशूच्या चरित्रातलं. उधळ्या मुलाची गोष्ट घ्या. वाटणी मागून घर सोडून गेलेला पोरगा आणि वाट बघणारा बाप कुठल्या गावात नाहीत? कीर्तन उघड्यावर व्हायचं, रात्री, भाकरी-कालवण आवरल्यावर. लेकरू मांडीवर घेऊन बाईला लांब बसूनही ऐकता यायचं.

ऐकणाऱ्यांत आणि पुढे ख्रिस्ती होणाऱ्यांत महार समाजातली माणसं पुष्कळ होती. ज्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या वस्तीत कीर्तन आणि शाळा चालून आली, हे त्यामागचं मोठं कारण. धान्यासाठी धर्म बदलला, असं तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हणतात. 1876 ते 1878 च्या दुष्काळात भुकेचा भाग होता, ते नाकारता येणार नाही. पण पोराला अक्षर मिळावं आणि आपल्याला माणूस म्हणून हाक मारावी, हीसुद्धा भूकच होती. आणि धर्म बदलला म्हणून जात लगेच गेली असंही नाही. तिच्या खुणा चर्चमध्येही पुष्कळ दिवस राहिल्या.

नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं लिहिली, म्हणून त्यांचं म्हणणं इथल्या माणसाला परकं वाटेना. पण त्या दिवसांत त्यांच्या बायकोचं काय झालं? लक्ष्मीबाई लहानपणी अशा घरात वाढल्या, जिथे सोवळ्यापायी बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घेत नसत. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा कुणी त्यांना विचारलं नव्हतं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही स्वतःचं सोवळं त्यांनी वेगळं सांभाळलं. ते सोडलं ते कुणाच्या प्रवचनाने नाही, माणसात उच्चनीच देवाने केलं की माणसाने, हा विचार स्वतःशी करून. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी, पण आपल्या पायांनी. टिळकांच्या मोठेपणाइतकंच हे मोठं आहे, असं आम्हांला वाटतं.

राहुरीला राहत असताना त्यांच्या घरात नाना जातीची माणसं जेवून-राहून जायची. आता चुलीपुढे बसणारी बाईच सांगेल, त्या पाहुणचाराचा भार कुणावर पडतो ते! 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला आणि 1919 साली ते वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरंच राहिलं होतं. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने वाचायला शिकवलं, तिने ते पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ हे तिचं आत्मचरित्र 1934 पासून छापून येऊ लागलं. गटातली एक जण वाचेल आणि बाकीच्या निवडत-टिपत ऐकतील, इतकी सोपी आणि हसवणारी त्याची भाषा आहे. तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा.

टिळकांची भजनं आजही नगर भागातल्या चर्चमध्ये रविवारी म्हणतात.