हाइनरिश फॉन प्लाउएन

हाइनरिश फॉन प्लाउएन (जन्म: इ.स. १३७० च्या सुमारास. मृत्यू: २८ डिसेंबर, इ.स. १४२९, लोखश्टेट) हा ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा २७ वा ग्रँडमास्टर म्हणजे सर्वोच्च प्रमुख होता. इ.स. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत संघाचा दारुण पराभव झाल्यावर त्याने मारिएनबुर्ग ही राजधानी वाचवली. पुढे तीनच वर्षांत त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला पदच्युत केले व त्याचे उर्वरित आयुष्य बहुतांशी बंदिवासात गेले.

पूर्वायुष्य

मध्य जर्मनीतील प्लाउएन येथील सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. या घराण्यात सर्व पुरुषांचे नाव हाइनरिश ठेवण्याची प्रथा होती. त्यामुळे समकालीन कागदपत्रांत एकाच नावाच्या अनेक व्यक्ती आढळतात. इ.स. १३९१ मध्ये तो लिथुएनियाविरुद्धच्या मोहिमेसाठी प्रशियात आला व नंतर संघात दाखल झाला. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रते घेतलेले हे योद्धे आजचा उत्तर पोलंड व कालिनिनग्राड या प्रदेशावर राज्य करीत होते. डान्झिग व नेसाउ येथे सेवा केल्यावर इ.स. १४०७ मध्ये हाइनरिश श्वेट्स येथील किल्ला व त्याखालील मुलखाचा अधिकारी झाला.

मारिएनबुर्गचा वेढा

१५ जुलै, इ.स. १४१० रोजी पोलंडचा राजा व्वादिस्वाफ यागियेवो आणि लिथुएनियाचा शासक व्हिटाउटस यांच्या संयुक्त सैन्याने ग्रुनवाल्ड येथे संघाचा पराभव केला. ग्रँडमास्टर उलरिश फॉन युंगिंगेन व संघाचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी धारातीर्थी पडले. अनेक किल्ले व नगरे एकामागून एक पोलिश राजाच्या स्वाधीन झाली.

हाइनरिश सरहद्दीच्या रक्षणासाठी श्वेट्स येथेच राहिल्याने या लढाईत नव्हता. पराभवाची वार्ता कळताच तो तातडीने मारिएनबुर्गला पोहोचला व संरक्षणाची सूत्रे त्याने हाती घेतली. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून त्याने किल्ल्यालगतचे नगर जाळून टाकले आणि धान्य व गुरे तटाच्या आत आणली. २६ जुलैला सुरू झालेला वेढा आठ आठवडे चालला. वेढा घालणाऱ्या सैन्यात हगवणीची साथ पसरली, व्हिटाउटस आपले सैन्य घेऊन परतला आणि अखेर १९ सप्टेंबर रोजी यागियेवोने वेढा उठवला. ९ नोव्हेंबर रोजी हाइनरिशची ग्रँडमास्टरपदी निवड झाली.

तह व करांचा बोजा

१ फेब्रुवारी, इ.स. १४११ रोजी थॉर्न येथे तह झाला. सामोगितिया हा प्रदेश यागियेवो व व्हिटाउटस यांच्या हयातीपुरता लिथुएनियाला मिळाला व डोब्झिन प्रांत पोलंडकडे गेला. संघाचा बाकीचा बहुतेक मुलूख वाचला; परंतु कैद्यांच्या सुटकेपोटी १ लाख कोपा म्हणजे ६० लाख ग्रोशेन देण्याचे बंधन आले. ही रक्कम उभारण्यासाठी हाइनरिशने प्रजेवर नवे कर बसवले, तसेच चर्चमधील सोने-चांदीही गोळा केली.

डान्झिग या श्रीमंत व्यापारी नगराने कर देण्यास नकार दिला. एप्रिल १४११ मध्ये तेथील दोन नगराध्यक्ष, कोनराड लेट्सकाउ व आर्नोल्ड हेश्ट, आणि नगरसभेचा सदस्य बार्थोलोमेउस ग्रोस यांना किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. हे कृत्य तेथील अधिकारी असलेल्या हाइनरिशच्या धाकट्या भावाकडून घडले. त्याचेही नाव हाइनरिशच होते. नगरवासीयांच्या मनात या हत्येची सल दीर्घकाळ राहिली.

केवळ बळाने पैसा उभा राहणार नाही हे ओळखून हाइनरिशने इ.स. १४१२ मध्ये जमीनदार व नगरे यांच्या प्रतिनिधींचे सल्लागार मंडळ स्थापन केले. ही नवी प्रथा संघातील अनेक अधिकाऱ्यांना रुचली नाही.

पदच्युती व बंदिवास

पोलंडशी पुन्हा युद्ध अटळ आहे, असे हाइनरिशचे मत होते. इ.स. १४१३ च्या शरद ऋतूत तो स्वतः आजारी असताना त्याने पोलंडविरुद्ध सैन्य धाडले. मात्र मार्शल मिखाएल क्युखमाइस्टर याने ते परत फिरवले. या आज्ञाभंगाचा जाब विचारण्यासाठी हाइनरिशने ऑक्टोबरमध्ये मारिएनबुर्ग येथे सभा बोलावली. सभेने मात्र वरिष्ठांच्या सल्ल्याविना कारभार केल्याचा ठपका ठेवून त्यालाच पदावरून दूर केले. जानेवारी १४१४ मध्ये क्युखमाइस्टर ग्रँडमास्टर झाला. तरीही युद्ध टळले नाही. त्याच वर्षी पोलिश सैन्याने पुन्हा प्रशियावर स्वारी केली.

हाइनरिशला प्रथम एंगेल्सबुर्ग येथील दुय्यम पद देण्यात आले. लवकरच त्याच्यावर पोलंडशी संधान बांधल्याचा आरोप झाला व त्याला कैदेत टाकण्यात आले. क्युखमाइस्टरनंतर इ.स. १४२२ मध्ये पाउल फॉन रुसडॉर्फ ग्रँडमास्टर झाल्यावर त्याच्यावरील निर्बंध सैल होत गेले. मे १४२९ मध्ये त्याला लोखश्टेट किल्ल्याचा व्यवस्थापक नेमण्यात आले; त्याच वर्षी तेथे त्याचे निधन झाले. ज्या किल्ल्याचे त्याने रक्षण केले, त्या मारिएनबुर्गमधील सेंट ॲन प्रार्थनागृहात त्याचे दफन झाले.

मूल्यमापन

एकोणिसाव्या शतकातील जर्मन लेखकांनी हाइनरिशची प्रतिमा उपेक्षित वीर म्हणून रंगवली. योझेफ फॉन आयशेनडॉर्फ याचे इ.स. १८३० मधील नाटक त्याच्यावरच आहे. तथापि डान्झिगची हत्या व करांची सक्ती यांचा विचार करता हे चित्र एकांगी ठरते. राज्यकर्ता संघ व करदाती नगरे यांच्यातील जो तणाव त्याला मिटवता आला नाही, तो पुढे वाढतच गेला. इ.स. १४५४ मध्ये प्रशियातील नगरे व जमीनदारांनी संघाविरुद्ध उठाव करून पोलंडच्या राजाचे छत्र स्वीकारले. त्यानंतरच्या तेरा वर्षांच्या युद्धात मारिएनबुर्गही संघाच्या हातून गेले.