हौशींचा आल्बम : मुंबई, १८५६

छायाचित्रणाची हौस असलेल्या माणसाला एक सवय हमखास असते. आठवडाभर काढलेल्या चित्रांतून एक-दोन निवडायची, समानशील मित्रांपुढे ठेवायची, आणि त्यांनी निवडलेली आपण पाहायची. कौतुक व्हावे ही इच्छा त्यात असतेच. पण त्याहूनही, आपल्याला जे आवडले ते दुसऱ्यालाही आवडते का, हे पाहण्याची एक ओढ त्यामागे असते. या साध्या सवयीचा माग काढू लागलो म्हणजे नजर साहजिकच लंडन-पॅरिसकडे वळते. तिचा एक जुना आणि आमच्या मते फार बोलका पुरावा मात्र मुंबईतच निर्माण झालेला आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो एकदा तरी समोर ठेवावा असे आम्हाला वाटते. कारण ओघात येईलच.

डागेरचा शोध जाहीर झाला १८३९ साली. त्यानंतर सोळा वर्षांच्या आत, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनची सोसायटी १८५३ ची, म्हणजे मुंबई तिच्या मागे अवघे दीड-पावणेदोन वर्षे. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटीचे पहिले अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार हे लष्करी अधिकारी होते. सभासदांत सैन्यातले, मुलकी नोकरीतले, वैद्यकातले गोरे लोक बहुसंख्य. त्यांच्याबरोबर थोडे एतद्देशीयही. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी ही त्यांतली आपल्या ओळखीची नावे. भाऊ दाजींना आपण प्राच्यविद्येचे पंडित आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर म्हणून ओळखतो. नारायण दाजींना मात्र आपण जवळपास विसरलोच आहोत. ते पुढे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते.

दोघेही डॉक्टर असावेत हा निव्वळ योगायोग नव्हे. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे निम्मे रसायनशास्त्र होते. काचेवर कलोडियनचा पातळ थर ओतायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या खोलीत परत नेऊन ते उमटवायचे. मुंबईच्या उकाड्यात कलोडियनमधला ईथर भराभर उडून जाई. पाणी अशुद्ध असले की डाग पडत. म्हणून प्रवासात काचेऐवजी कागदी निगेटिव्ह पसंत करणारेही पुष्कळ होते, कारण कागद आधी तयार करून ठेवता येई. ज्याच्या हाती औषधांच्या बाटल्या आधीपासून होत्या, त्याच्या हाती कॅमेरा लवकर आला. पैसा लागे तो वेगळाच. ही हौस गरिबाची नव्हती. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे विद्यार्थी त्यातून तयार होऊन पुढे धंद्यात उतरले, तेव्हा कुठे ही विद्या डॉक्टर-कप्तानांच्या वर्तुळाबाहेर थोडी सरकली.

आता मुख्य पुराव्याकडे वळू. १८५६ च्या अखेरीस मुंबईत विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी सोसायटीच्या आश्रयाखाली 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' नावाचे मासिक प्रकाशन सुरू केले. १८५८ च्या ऑक्टोबरपर्यंत त्याचे चोवीस अंक निघाले. प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे आणि त्यांसोबत माहितीचा छापील मजकूर. छायाचित्र छापण्याची कला तेव्हा आजच्या अर्थाने नव्हतीच. प्रत्येक प्रत निगेटिव्हखाली कागद ठेवून उन्हात काढायची, धुवायची, वाळवायची आणि पानावर चिकटवायची. महिन्याला तीन चित्रे म्हणजे वर्गणीदार जितके, त्याच्या तिप्पट वेळा हा उपद्व्याप. मुंबईच्या आषाढ-श्रावणात प्रकाशकांचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नावातला 'अमॅच्युअर' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत त्याला आपण 'हौशी' म्हणतो. हौस हा शब्द अरबी 'हवस'पासून आपल्याकडे आला आणि येताना त्यातली वासना विरून नुसता लोभस उत्साह उरला. मूळ इंग्रजी-फ्रेंच शब्दाच्या पोटातही प्रेमच आहे. आल्बम मात्र दोन व्यावसायिकांनी चालवलेला. जॉन्सन १८४८ च्या सुमारास मुंबईस सरकारी कारकुनीवर आला, हौस म्हणून डागेरोटाइप काढू लागला, मग त्याने स्वतःचा स्टुडिओच थाटला. आल्बमातील बरीचशी चित्रे या प्रकाशकद्वयाचीच मानली जातात. म्हणजे हौशींच्या नावाने निघालेल्या संग्रहात हौस कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, ते सांगणे अवघड. या भेदाला त्या काळी आजच्याइतका अर्थही नव्हता. सोसायटीच्या सभेत कप्तान, डॉक्टर आणि स्टुडिओवाला आपापली चित्रे एकाच मेजावर मांडीत.

मेजावर काय मांडले जाई, हा खरा प्रश्न. आल्बमात वास्तू आणि स्थळे आहेत. पण ज्यामुळे तो आज ओळखला जातो ती चित्रे माणसांची आहेत. त्यांत ब्राह्मण आहेत, भाटिये आहेत, पारशी आहेत, नाचणाऱ्या स्त्रिया आहेत. चित्राखाली नाव आहे ते जातीचे, धंद्याचे किंवा प्रांताचे. कॅमेऱ्यापुढे कित्येक सेकंद श्वास रोखून बसलेल्या त्या गृहस्थाचे नाव आपल्याला बहुधा कळत नाही. मित्रांपुढे ठेवायला जे 'सुंदर' म्हणून निवडले गेले ते नमुन्यादाखल निवडले गेले. प्रथम आम्ही याचा दोष एकट्या जॉन्सनच्या माथी मारीत होतो. पुढे वाटू लागले की दोष निवडीच्या रीतीतच असावा. दर महिन्याला तीन चित्रे द्यायची आहेत, पाहणारे ठरलेले आहेत, त्यांना काय आवडते ते मागच्या अंकावरून कळले आहे. अशा वेळी पुढच्या अंकातले चित्र मागच्या अंकातल्या चित्रासारखे होऊ लागते. एकमेकांना दाखवता दाखवता आवडीचा साचा तयार होतो, आणि मग साच्यात बसेल तेच काढले जाते. साहित्यात आपण याला रूढ संकेत म्हणतो.

नारायण दाजींचे उदाहरण येथे फार महत्त्वाचे आहे. १८५७ साली त्यांची तीस छायाचित्रे कलकत्त्याच्या सोसायटीपुढे मांडली गेली. विषय होता येथील लोक. कॅमेऱ्यामागचा डोळा एतद्देशीय असला म्हणजे दृष्टी आपोआप वेगळी होईल अशी आपली भाबडी अपेक्षा असते. या चित्रांच्या बाबतीत ती पुरी होत नाही; विषयांची निवड आणि त्यांना दिलेली ओळख इंग्रज मित्रांच्या चित्रांहून फार निराळी नाही. त्यात नवल मानण्याचे कारण नाही. ज्या मेजावर चित्र ठेवायचे, त्या मेजाची भाषा बोलावी लागते. नव्याने इंग्रजी शिकून त्याच भाषेत निबंध लिहिणाऱ्या त्या पिढीला हे काही अपरिचित नव्हते.

त्या मेजाभोवतीचा स्नेह किती पक्का होता, याचा दाखला कलकत्त्याने त्याच वर्षी दिला. राजेंद्रलाल मित्र हे तेथील सोसायटीचे खजिनदार. भाऊ दाजींसारखेच प्राच्यविद्येचे पंडित आणि त्यांच्याच पिढीतले. १८५७ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली. मुफसलातल्या गोऱ्यांनाही कंपनीच्या फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणावे, या मागणीला पाठिंबा देण्यासाठी ती होती. मित्रबाबूंनी तेथे निळीच्या मळेवाल्यांवर आणि त्यांच्यासारख्या गोऱ्यांवर कडक शब्दांत टीका केली. छायाचित्रणाशी तिचा काही एक संबंध नव्हता. तरीही सोसायटीतल्या गोऱ्या सभासदांनी ठराव आणून त्यांना बाहेर काढले. दुपारी एकमेकांची चित्रे वाखाणणारे हे मित्र एका भाषणासरशी आपापल्या रंगात परत गेले. हौशी मंडळांच्या इतिहासात अशा प्रसंगांना सहसा तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही. आम्हाला ही घटना मधोमध ठेवाविशी वाटते.

इकडे मुंबईतला आल्बम उठाव सुरू होण्याआधी निघाला आणि कंपनीचे राज्य संपता संपता थांबला. जॉन्सनने त्याची सामग्री मात्र सोडली नाही. १८६३ आणि १८६६ अशा दोन खंडांत त्याने मुंबईच्या रहिवाशांच्या आणि येथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या 'जातीजमातीं'चे पुस्तक काढले. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ, काठियावाड आणि दुसऱ्यात महाराष्ट्र. त्यासाठी स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृती पार्श्वभूमीपासून सुट्या करून मुंबईच्या निरनिराळ्या देखाव्यांवर जोडल्या आहेत. आकृतींच्या कडा कापल्यासारख्या दिसतात आणि माणसे जमिनीवर नीट टेकलेली वाटत नाहीत. ज्यांचे नाव आधीच काढून घेतले होते, त्यांची जागाही आता बदलता येण्याजोगी झाली.

याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. एकच शहर, एकच साल. माडगावकरही जाती मोजतात, पेहराव सांगतात, चालीरीती नोंदवतात. त्या बाबतीत ते आपल्या काळाचेच लेखक आहेत. पण त्यांच्या पानांवर बाजार आहे, जत्रा आहे, पाण्याची ददात आहे, गावातल्या नामांकित माणसांची नावे आणि त्यांच्याविषयीच्या गोष्टी आहेत. त्यांची माणसे रस्त्यावर चालतात. त्याआधी १८५७ मध्ये, म्हणजे आल्बमाचे अंक निघत असतानाच, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली होती. तिचा हेतू उघड प्रचाराचा, तरी तिच्यातल्या दुःखी स्त्रिया केवळ वर्गाच्या प्रतिनिधी राहत नाहीत, कारण त्यांना बोलावे लागते. बोलू लागलेले माणूस नमुना म्हणून फार काळ टिकत नाही. कॅमेऱ्याला तेव्हा ही सोय नव्हती, हे मान्य. पण चित्राखाली एक नाव लिहायला कोणते रसायन लागत होते?

हौसेने जमवलेली चित्रे पुढे कुठवर गेली, याचा आणखी एक टप्पा सांगणे आवश्यक आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांना हिंदुस्थानातल्या वास्तव्याची आठवण म्हणून येथील लोकांची चित्रे हवी होती. कॅमेरा बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रवासात चित्रे काढावीत आणि प्रती पाठवाव्यात, असे ठरले. मित्रांमित्रांतल्या देवाणघेवाणीचाच हा प्रकार. १८५७ नंतर त्याचे स्वरूप पालटले. खाजगी आठवणींचा संग्रह सरकारी झाला आणि १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' या नावाने त्याचे आठ खंड लंडनमध्ये निघाले. प्रत्येक चित्रापुढे त्या त्या जमातीचा स्वभाव, तिची राजनिष्ठा किंवा तिचा अभाव यांवरचे शेरे.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले, तेव्हा हा ग्रंथ त्यांनी इंडिया ऑफिसात पाहिला आणि त्याविषयी त्यांनी घरी पत्रातून लिहिले. हिंदुस्थानात नेमणुका घेऊन येणारे तरुण इंग्रज येण्यापूर्वी हीच पाने चाळतात, तेव्हा आपल्याविषयी त्यांचे काय मत होत असेल, ही त्यांची व्यथा. एके दिवशी त्यांचा मुलगा महमूद ती पाने उलटीत असता एक तरुण इंग्रज जवळ आला आणि त्याने विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूदने होय म्हटले, पण म्हणताना तो शरमेने लाल झाला आणि घाईघाईने सांगू लागला की आपण तिथल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हे, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले.