चांभारगोंद्याचे शिंदे आणि युद्धतंत्राची उमेदवारी

जुन्या कागदपत्रांत चांभारगोंदे या नावाने येणारे श्रीगोंदा हे शिंदे घराण्याच्या दख्खनेतील मुलखाचे एक प्रमुख ठाणे होते. नवे युद्धतंत्र परक्यांकडून विकत घेता येते, परंतु ते आपल्या तरुणांत मुरवायचे कसे, हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात आज चर्चिला जाणारा प्रश्न या घराण्यापुढे दोन शतकांपूर्वीच उभा राहिला होता.

महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये सॅव्हॉयचा बनवा द बॉयन्य याला चाकरीस घेऊन कवायती पलटणी, म्हणजे हुकमाबरोबर रांगेने गोळीबार करणारे शिस्तबद्ध पायदळ, उभारण्यास सुरुवात केली, आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. 1790 मधील पाटण व मेडता येथील विजयांनी या व्यवस्थेचे सामर्थ्य सिद्ध केले. दफ्तरात उमेदवारी करणारा मुलगा जसा हाताखाली राहून कारकुनी शिके, तसे गोलंदाजही तोफेपाशी राबूनच आपले काम शिकले. मात्र पलटणींचे नेतृत्व बव्हंशी युरोपीय अधिकाऱ्यांकडेच राहिले, आणि ही उणीव साधी नव्हती.

तिची किंमत 1803 मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात मोजावी लागली. इंग्रजांनी जाहीरनामा काढून आश्रयाचे आमिष दाखवताच शिंद्यांकडील अनेक इंग्रज अधिकारी निघून गेले आणि शिंद्यांचा सेनापती पेराँ इंग्रज सेनानी लॉर्ड लेकच्या स्वाधीन झाला. 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रज सेनानी वेलस्लीच्या हाती पडला. 23 सप्टेंबरला असईच्या रणांगणावर गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, कित्येक तेथेच कापले गेले. विद्या हातांत उतरली होती, हुकूम देणाऱ्यांत नव्हती. 30 डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अहमदनगरचा किल्ला गेला, तरी चांभारगोंद्याचा परगणा वंशपरंपरागत मुलूख म्हणून शिंद्यांकडेच ठेवण्यात आला.

आज त्याच अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची (डीआरडीओ) लष्करी वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, तर पुण्याजवळ गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी संस्था आहे. या संघटनेने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि यंत्रमानवशास्त्र यांचे स्वतंत्र केंद्र बेंगळुरूला 1986 मध्येच काढले. पुढे 2018 मध्ये एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने या तंत्राच्या संरक्षणातील वापराचा विचार केला आणि 2020 मध्ये पस्तिशीच्या आतील शास्त्रज्ञांसाठी पाच प्रयोगशाळा सुरू झाल्या, त्यांतील एक याच विषयाची आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संघटनेच्या प्रयोगशाळांत साधारण चार आठवडे ते सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम करता येते. ही इंटर्नशिप म्हणजे जुन्या उमेदवारीचेच नवे रूप होय, आणि तिच्या शेवटी नोकरीची हमी नसते.

मोठा फरक प्रवेशाच्या मर्यादेत आहे, कारण या विद्यार्थ्याला गोपनीय नसलेल्या विभागांतच वावरता येते. 1803 चा अनुभव पाहता ही सावधगिरी अनाठायी म्हणता येत नाही; परंतु कृत्रिम बुद्धिमत्ता ही विदेवर, म्हणजे नोंदींच्या मोठ्या साठ्यावर, पोसली जात असल्याने रणभूमीच्या खऱ्या नोंदी न पाहणारा विद्यार्थी रीत शिकतो, विषय शिकत नाही, आणि ती रीत तो पुढे कोणत्याही खाजगी कंपनीत घेऊन जाऊ शकतो.